ऊसतोडीच्या बायकांचे आरोग्य आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण एखाद्या शिकलेल्या बाईंचे व्याख्यान ठेवतो. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले, तेव्हा मी दोन दिवस नाहीच म्हणत होते. मी सातवी शिकलेली बाई, चार लोकांसमोर बोलायची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमची ती वही आहे ना, तिच्याबद्दलच सांगा." म्हणून वही हातात घेऊन उभी राहिले आहे. शंभर पानी साधी वही आहे, निम्मीच भरली आहे. काही पानांवर हळदीचे डाग आहेत, त्याला इलाज नाही.

आपले गाव कऱ्हाड तालुक्याच्या टोकाला. ओढा ओलांडला की वाळवा तालुका, म्हणजे सांगली जिल्हा. आमच्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या वेळी हे सारे एकच सातारा होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, ऊस मात्र दोन्हीकडे तोच राहिला. कृष्णाकाठाने भुईंजवरून सांगलीपर्यंत यावे, तर एका कारखान्याची चिमणी मागे पडते न पडते तोच दुसरी दिसू लागते. शेत आपले, कारखान्याचे सभासद आपण, साखर आपल्या डब्यात. तोडणारे हात तेवढे पुष्कळसे बाहेरचे. दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, गळीत संपून पट्टा पडला की जातात. असे राज्यात दहा लाखांच्या आसपास लोक ऊस तोडायला घर सोडतात, असे म्हणतात.

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या एका कोयत्यात बाई किती, हे मी कधी मनात आणले नव्हते. उचल नवऱ्याच्या नावाने, हिशेब मुकादमाजवळ, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा दोघांच्याही अंगावर. बाई आजारी पडली म्हणजे अर्धा कोयता बसला असे होत नाही, पुरा कोयता बसतो.

आता माझी चूक सांगते, कारण वहीची सुरुवात तिथूनच आहे.

गेल्या हंगामात आमच्या मळ्याच्या कडेला, जुन्या खळ्याच्या जागेत, एका टोळीच्या कोप्या पडल्या. बांबू, पाचट आणि वर निळा कागद. पहिल्याच आठवड्यात एक बाई दारात आली. कडेवर मूल, डोक्यावर हंडा. म्हणाली, "काकू, एक हंडा पाणी घेऊ का?" आमची मोटार चालू होती, पाणी पाटात पडत होते. तरी मी म्हटले, "पलीकडे विहीर आहे, तिकडे बघ." का म्हटले? खरे सांगायचे तर मनात खुशालीचा राग होता. तोड मिळावी म्हणून यांनी पैसे मागायचे, ते देताना आमच्या मालकांची चिडचिड व्हायची, आणि तो राग मी हंड्यावर काढला. ती काही बोलली नाही, मुकाट्याने परत गेली. पलीकडची विहीर केवढी लांब आहे, हे आपल्यापैकी जिने तिथून कधी पाणी आणले असेल तिलाच माहीत.

चार दिवसांनी भाकरी घेऊन मळ्यात चालले होते, तर तीच बाई बांधावर ओटीपोट धरून बसलेली. मी विचारले, "काय होतंय ग?" ती म्हणाली, "काही नाही काकू, कंबर धरलीया. पिशवी काढल्यापून असंच हाय." वय विचारले तर तिला नीट सांगता येईना. मोठा मुलगा सातवीत आहे म्हणाली. म्हणजे तिशीही गाठली नसेल. माझी थोरली मुलगी याच वयाची आहे. मी विचारले, "कॅन्सर होता का?" तर म्हणाली, "डॉक्टर म्हणला, राहिली तर होईल." आणि मग थोडे थांबून म्हणाली, "दर महिन्याचा खाडा तरी वाचला."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी हंडे भरून ठेवले आणि मुलाच्या हाती निरोप पाठवला की पाणी आमच्याकडून न्या. मग मंडळात ही गोष्ट काढली, आणि आपल्यातल्या आम्ही तिघी वही घेऊन कोप्यांवर जायचे ठरले.

पहिल्या खेपेला आमची फजितीच झाली. आम्ही चांगली लुगडी नेसून संध्याकाळी गेलो आणि विचारले, "तुमचे आरोग्य कसे आहे?" सगळ्या बायका म्हणाल्या, "बरं हाय." उत्तरेही निम्मी पुरुषांनीच दिली. मुकादम येऊन उभा राहिला आणि आम्ही सरकारच्या आहोत की युनियनच्या, ते विचारू लागला. बायकांच्या चुली पेटलेल्या, पोरे रडत होती, पहाटे तीनला उठून गाडी भरायला जायचे होते. अशा वेळी कुणी कशाला बोलेल? आम्ही पानभर "बरं आहे" असे लिहून परत आलो. ते पान अजून वहीत आहे.

मग माझ्या पुतणीने शहाणपण शिकवले. ती समाजकार्याचे शिकते. तिने सांगितले, "काकी, आजार काय आहे ते विचारू नका. काल काय केले ते विचारा." तेव्हा कारखान्यात काही मोडतोड होऊन दोन दिवस तोड बंद होती. बायका कोपीसमोर पोरींच्या उवा काढत बसल्या होत्या. आम्हीही तिथे भुईवर बसलो. काल पाणी कुठून आणले? किती हंडे? पहाटे बाहेर कुठे जाता? सोबत कोण असते? काल दुपारी पाणी कितीदा प्यालात? घडी कुठे धुता, कुठे वाळत घालता? अशा प्रश्नांना कुणी "बरं हाय" म्हणत नाही.

एक बाई म्हणाली, "दुपारपून मी पाणीच पेत नाही. पेलं की जावं लागतं. जायचं कुठं? फडात गडी माणसं, बाहेर रस्ता." दुसऱ्या दोघी हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या की त्यांचेही तेच आहे. लघवीला जळजळ तर जवळजवळ सगळ्यांनाच होती, पण तिला त्या आजार म्हणतच नाहीत. उन्हात जळजळ व्हायचीच, असा त्यांचा समज. पाळीच्या दिवसांत घडी ओलीच वापरावी लागते, कारण चारचौघांत वाळत घालता येत नाही. बाळंत होऊन महिनाही न झालेली एक पोर मोळी उचलत होती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हे काम तर आपण रस्त्यावरून जाता-येता पाहतोच, पण ओली बाळंतीण ते करते हे कुणाच्या ध्यानात आले होते?

मागे पुरुष मंडळी बसली आहेत, त्यांच्यापुढे हे कसे बोलावे असे काहींना वाटत असेल. मला वाटते त्यांनीही ऐकावे.

या सगळ्याचा मेळ कसा लागतो, हे समजायला मला वेळ लागला. बाई पाणी कमी पिते आणि लघवी तटवून धरते, त्यामुळे जंतू वाढतात. ओल्या घडीने त्यात भर पडते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. दवाखान्यात जायचे तर खाडा. शेवटी असह्य झाले म्हणजे ती गावी परतल्यावर एखाद्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे साध्या औषधाने बरे होणारे दुखणेही पुष्कळदा पिशवीपर्यंत जाते. तिला भीती घातलेली असते, आणि तिलाही वाटते की पाळीची कटकट मिटली तर हंगाम पुरा होईल. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतच अंगाची आग होणे, हाडे ठिसूळ होणे हे म्हातारपणाचे भोग सुरू होतात. मग कंबर आणखी धरते, आणि मोळी उचलायची असतेच.

हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या या गोष्टी 2019 साली वर्तमानपत्रांत आल्या आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या हिशेबाने सहा बायकांत एक. त्याच्या तीन-चार वर्षे आधीच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पन्नाशीच्या आतल्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. पुढे बीडमध्ये खाजगी दवाखान्याने पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची मान्यता घ्यावी असा नियम झाला. चांगले झाले. पण मला राहून राहून वाटते की या बायका वर्षातले पाच-सहा महिने आपल्या सातारा-सांगली-कोल्हापुराकडच्या फडांत असतात. पिशवी बीडला गेली, पण दुखणे कुठे लागले? ते आपल्या बांधावर लागले असेल, तर त्याची मोजदाद बीडच्या कलेक्टरने एकट्याने का करावी?

पुतणीने मला आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या बायकांची. त्यात शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठच. 1989 साली हे विलायतेच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना नवल वाटले म्हणे. मला त्या नवलाचेच नवल वाटते. त्या 92 बायकांना स्वतःचे दुखणे ठाऊकच होते की! त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच. त्याच गडचिरोलीत पुढे 39 गावांत माझ्यासारख्या थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. नवजात बाळाचे वजन, ताप, श्वास त्या मोजीत आणि वहीत लिहीत. दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून कमी झाली, तेही 1999 साली छापून आले. म्हणून मला संशोधन या शब्दाची आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही.

ऊस तोडणाऱ्यांचे म्हणाल तर जगाच्या पाठीवर दुसरीकडेही हेच आहे. अमेरिका खंडाच्या मध्यभागी निकाराग्वा नावाचा देश आहे. तिथे चिचिगल्पा गावाच्या आसपास ऊस तोडणारे तरुण गडी मूत्रपिंड निकामी होऊन इतके दगावले की एका वस्तीला विधवांचे बेट म्हणू लागले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, मग हे का? आजारी कामगार आणि विधवा एकत्र आल्या आणि कारखान्याला ज्या जागतिक बँकेचे कर्ज होते तिच्याकडेच 2008 साली त्यांनी तक्रार नेली. मग कामगार आणि कारखाना दोघांनी मिळून कोणत्या विद्यापीठाने शोध घ्यावा ते निवडले. अजून सगळे कोडे सुटलेले नाही, पण कडक उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे हे मोठे कारण धरतात. शेजारच्या एल साल्वादोर देशात फडात पिण्याचे पाणी, मधून मधून विश्रांती आणि तंबूची सावली देऊन पाहिले, तर ऊस काही कमी पडला नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे दुपारपासून पाणी न पिणारी ती बाई उभी राहिली.

आपल्याकडे 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. वाढला ते योग्यच झाले. पण दरवाढीने लघवीची जळजळ थांबत नाही.

जाता जाता आपल्या घरचेही सांगते. माझे माहेर तासगावकडचे, द्राक्षबागांचा मुलूख. तिथे औषध मारून आलेल्या गड्याचे कपडे बायका घरच्या धुण्यातच टाकतात, तान्ह्या पोराच्या दुपट्यासकट. 2017 साली यवतमाळकडे कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे गेली. तेव्हा ते कपडे तरी वेगळ्या बादलीत धुवा आणि औषधाचा रिकामा डबा पाणी भरायला घरात आणू नका. या विषयावर पुन्हा कधी बोलेन, आज कोप्यांचे पुरे करते.

सगळ्यात अवघड प्रश्न आम्हाला त्या बायकांनीच विचारला. तिसऱ्या खेपेला त्या कंबर धरलेल्या बाईने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही लिवताव, पर लिहून काय व्हतंय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माणसाला त्याचे दुखणे विचारायचे आणि वही मिटून घरी यायचे, हे मला बरे वाटेना. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेली, असे आपण दर 3 जानेवारीला तिच्या तसबिरीला हार घालताना सांगतो. आपल्याला कुणी जीव द्यायला सांगत नाही. पाण्याचा नळ तर देता येईल.

तर काय झाले आणि काय झाले नाही, तेही सांगते. ग्रामपंचायतीत आम्ही वहीतली पाने वाचून दाखवली. गावठाणाच्या शेवटच्या नळाला जोड देऊन कोप्यांपर्यंत पाण्याची नळी गेली, त्याला महिना लागला. संडासाचे काही झाले नाही. "ती चार महिन्यांची माणसे, त्यांच्यासाठी बांधकाम कशाला?" असे उत्तर मिळाले. मग आम्ही जुनी पत्रे आणि पोती लावून न्हाणीचा आडोसा केला. तो बायकांनी फार वापरला, पण एका वादळात पत्रे उडाले. आशाताई आणि नर्सबाई एका रात्री आठ वाजता आल्या, कारण दिवसा कोपीवर कुणी सापडत नाही. त्यांनी सात-आठ जणींना गोळ्या दिल्या, ओल्या बाळंतिणीला लोहाच्या गोळ्या दिल्या, लहान पोरांना डोस पाजले. जळजळीच्या गोळ्यांनी चौघींना आराम पडला. पाच दिवसांच्या गोळ्या! त्या आधी कुणी दिल्या असत्या तर किती दिवसांचे दुखणे वाचले असते, याचा हिशेब मी वहीत मांडायला घेतला आणि सोडून दिला.

त्या बाईच्या कंबरेचे मात्र काही करता आले नाही. नर्सबाईंनी तिला कऱ्हाडला सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितले. सोमवारी न्यायचे ठरले होते, मी मुलाला गाडीचेही सांगून ठेवले होते. रविवारी रात्री टोळीला दुसऱ्या गावाची तोड आली आणि पहाटे खळ्यावर नुसत्या चुली राहिल्या. ती कुठे गेली ते कळले नाही. नाव आणि गाव वहीत आहे, पण जो नंबर दिला होता तो लागत नाही. माझा हंडा मात्र ती जाताना पालथा घालून आमच्या कट्ट्यावर ठेवून गेली होती.

हिच्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. टोळी हलती असते. एका गावाने वही ठेवून भागत नाही. आपल्या ओढ्यापलीकडच्या गावातही मंडळ आहे, त्यांच्या अध्यक्षाबाई आज इथे आल्या आहेत. त्यांना माझी विनंती आहे की एक वही त्यांनीही करावी. टोळी इकडून तिकडे गेली की कुणाला गोळ्या चालू आहेत, कोण गरोदर आहे, कुणाला दवाखान्यात न्यायचे राहिले, एवढा निरोप आपण फोनवरून देऊ शकतो. यात औषध आपण द्यायचे नाही, ते नर्सबाईंचे काम. कुणाचे दुखणे गावभर सांगायचे नाही, हेही आताच ठरवून टाकू. पहिल्या खेपेला आमच्यातल्या एकीने पाणवठ्यावर एका कोपीवरची गोष्ट बोलून टाकली होती, त्यावर आमचे चांगलेच वाजले.

यंदा दिवाळीनंतर कोप्या पडतील. त्याआधी तीन कामे व्हायला हवीत. पाण्याची नळी पुन्हा जोडायची, आडोसा या खेपेला खांब पुरून पक्का करायचा, आणि ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांनी तोडीच्या दिवशी बांधावर झाकणाचा पिण्याच्या पाण्याचा पिंप आणि सावलीला एखादे ताडपत्रीचे छप्पर ठेवायचे. आमच्या घरचा पिंप मी कालच घासून ठेवला आहे. ज्यांना माझ्याबरोबर यायचे असेल त्यांनी हळदीकुंकू झाल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. वहीतली पन्नास पाने कोरी आहेत, आणि लिहायला माझ्यापेक्षा बऱ्या अक्षराची कुणीतरी हवी आहे.